वाडगा गार होईपर्यंत

"हॅलो, हॅलो. कुवेत, ऐकू येतंय का? हाँगकाँग, जेवलात का गं सगळ्या? मिलानो, तू झोप बाई, तुझी पहाटेची ड्युटी. हां. तर आता मी मयताच्या पेटीजवळ जातेय. कुणी हुंदके देऊ नका, नेट अडकतं."

मनांग विरिंगचं, म्हणजे आमच्या विरिंगताईचं, लाइव्ह असं सुरू व्हायचं. मला अख्खं पाठ आहे. 'नेट अडकतं' म्हणताना ती खालचा ओठ पुढे काढायची आणि मान डावीकडे टाकायची, कारण उजव्या हातात फोन असायचा आणि त्या खांद्यात कळ यायची. वर्गात मी हे करून दाखवलं की मागच्या बाकावरच्या पोरी पोट धरून खाली बसायच्या. तिच्या कानावर गेलंच. रागावली नाही. ती मला लोरोच म्हणते, लोरो म्हणजे पोपट. म्हणाली, "लोरो, नक्कल करतेस तर नीट कर. मी 'हॅलो' दोनदा म्हणते. तू तीनदा केलंस म्हणे. बदनामी करतेस का माझी?"

आमच्या सान गेरार्दोत चॅपलच्या वळणावर तिची मिकीची टपरी आहे. जाड शेवया, केशरी दाट रस्सा, वरून उकडलेलं अंडं. टपरीचं भाग्य त्या वळणात होतं. मयताच्या घरून निघालेला माणूस आमच्याकडे सरळ आपल्या घरी जात नाही. वाटेत कुठंतरी टेकायचं, काहीतरी खायचं, म्हणजे मेलेला पाठीला लागून आला असेल तर तिथंच चुकतो आणि मुकाट्यानं परत जातो. गावातलं कुठलंही मयताचं घर घ्या, परतीची वाट या वळणावरूनच. त्यामुळे मनांगकडे सगळे यायचे. शिक्षक, पाद्री, फौजदार, आणि निवडणूक जवळ आली की उमेदवार. कारण उमेदवार मत मागायला एक वेळ तुमच्या घरी येणार नाही, पण तुमच्या घरातल्या मयताला येतोच.

आणि मिकी असते कढत. जीभ भाजते. वाडगा समोर आल्यावर उठून जाता येत नाही, कारण खाल्ल्याशिवाय टेकणं लागू होत नाही. आणि लगेच खाताही येत नाही. एवढी एक फट. त्या फटीत मनांग फोन सोयाच्या बाटलीला टेकवून लाइव्ह चालू करायची आणि म्हणायची, "बसा बसा, गार होऊ दे. तोवर एक विचारते."

एकच विचारायची. "ॲम्ब्युलन्स कुठंय?"

तिचा नवरा, मनोंग तेबान म्हणजे तेबानदादा, मासेमार, छातीत कळ येऊन अंगणात बसला तेव्हा गावची ॲम्ब्युलन्स कुठल्याशा शर्यतीसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या वाहत होती. त्याला तीनचाकीत घालून नेलं. पुलापर्यंत तो बोलत होता.

लाइव्हचं ते पेजही त्याच्याच मयतातून निघालं. मुलगी जोवी कुवेतला, एका घरात कामाला. तिला सोडलं नाही. मग मनांगनं फोन एका ग्लासात उभा केला आणि जोवीला सगळं दाखवलं: पेटी, फुलं, पत्ते खेळत जागणारे शेजारी, आणि उशाशी बसलेली म्हातारी अपो साबेल. अपो साबेल म्हणजे आमच्या भागातली शेवटची दुंगआव म्हणणारी. दुंगआव म्हणजे मेलेल्याच्या उशाशी बसून, त्याचं आयुष्य त्यालाच गाऊन सांगत रडणं. ती तेबानला म्हणत होती की तू जाळं वाळत टाकलंस ते कोण काढणार, तुझ्या चपला दारात उलट्या पडल्यात त्या कोण सरळ करणार. पुढे आलं ते जोवीचं. मुलगी परदेशी निघाली तेव्हा तू बसच्या काचेला बाहेरून तळहात टेकवून चालत राहिलास, बस सुटली, तुझा हात मात्र तसाच हवेत.

जोवीला हे ठाऊकच नव्हतं. बसमध्ये ती डोळे मिटून बसली होती. ते लाइव्ह पेजवर राहिलं आणि ती ते पुन्हा पुन्हा लावायची. भांडी घासताना, इस्त्री करताना. मग हाँगकाँगच्या बायकांनी मनांगला सांगितलं, आमच्या आईचंही दाखव ना. मिलानोनं सांगितलं. गावात कुणी गेलं की मनांग हजर, उजवा खांदा चोळत. पेजचं नाव 'मिकीच्या टपरीवरून', आणि त्यात आमच्या गावचे सगळे मेलेले एकाखाली एक.

प्रश्न विचारायची खोड लागली ती त्यानंतर.

जुन्या मेयरबाई आल्या तेव्हा मी शेजारीच अंडी सोलत होते. त्या शेवयांवर फुंकर घालत म्हणाल्या, "ॲम्ब्युलन्स ना? फू... दुरुस्तीला आहे मनांग. फू... इंजिन."

"काल तर बँडवाल्यांचा ढोल घेऊन गेली."

"ती... फू... ट्रायल."

"ढोलाची तब्येत बरी आहे ना आता?"

लाइव्हवर हाँगकाँग नुसतं खिदळत होतं. दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याचा माणूस येऊन पातेल्यापासून गटारापर्यंतचं अंतर मोजून गेला. त्यांच्या सभेला मनांग फोन घेऊन गेली, तर पत्रकारांच्या टेबलाशी, जिथं पंखा होता आणि जेवणाचे डबे होते, एका पोरानं अडवलं.

"कुठलं वर्तमानपत्र, मनांग?"

"पेज आहे माझं."

"पेज? मग तिकडे. जनतेत."

हे 'जनतेत' त्यानं ज्या तोंडानं म्हटलं ते मला हुबेहूब जमतं. पायपुसणं कुठं ठेवायचं ते सांगताना आपण जे तोंड करतो, ते.

विरोधातले इंजिनियर अगदेप्पा मात्र वेगळे निघाले. ते आले, बसले, वाडगा समोर आला, प्रश्न आला. त्यांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, "ॲम्ब्युलन्स कुठंय मला माहीत नाही. तुमचे मालक कसे गेले, ते मला सांगाल?"

आजवर हे तिला कुणी विचारलं नव्हतं. फोन चालू होता आणि मनांग सांगत राहिली. पुलाचं सांगितलं, तीनचाकीवाल्यानं पैसे घेतले नाहीत ते सांगितलं. वाडगा पार गार झाला, वर साय धरली. इंजिनियरांनी तो तसाच गार, शेवटच्या थेंबापर्यंत खाल्ला. उठताना डोळे पुसले. खरे पुसले, मी बघितलंय. खोटे पुसणारा आधी आजूबाजूला बघतो.

दोन दिवसांनी जेएम आला.

जेएम इंजिनियरांच्या प्रचारातला. मनिलाचा, लहानखुरा, हातात नेहमी बर्फाची कॉफी. त्याचं बोलणं म्हणजे मला मेजवानी. "मॅम विरिंग, ओ माय, तुम्ही कोण आहात तुम्हाला माहीतच नाहीये. तुमचा रीच बघा. तुम्ही ना, आमच्या डिजिटल आर्मीच्या जनरल आहात, प्रॉमिस."

"मी शेवयावाली आहे रे बाळा."

"तेच तर, मॅम! ऑथेंटिक!"

त्यानं गळ्यात घालायचं ओळखपत्र आणलं. वर तिचा फोटो, खाली जाड अक्षरात 'मीडिया'. मनांगनं ते दोन्ही हातांनी घेतलं. सभेत पहिल्या रांगेत खुर्ची, खुर्चीला कागद, कागदावर तिचं नाव. जेवणाचा डबा. टी-शर्ट. घरी आली की ओळखपत्र तेबानच्या तसबिरीला अडकवायची. "बघ रे," म्हणायची, "जनतेतून उठवलं मला."

जेएम तिला प्रश्नही द्यायचा. "मॅम, आज हे विचारा ना: इंजिनियर, तुम्ही एवढे साधे कसे?"

"असलं विचारलं तर माझा रस्सा नासेल."

"हा हा! मॅम! आय लव्ह यू!" आणि ती तिचंच विचारायची. फक्त ते लाइव्ह हल्ली खाली खाली जायचं आणि इंजिनियर बाळं उचलतायत ते वर दिसायचं. जेएम म्हणायचा, अल्गोरिदम. मनांगला वाटायचं हा कुणीतरी वरचा साहेब असावा.

मग तेबानची वर्षाची प्रार्थना आली. जेएमला कुणी बोलावलं नव्हतं. तो पांढरा शर्ट घालून, कॉफीशिवाय आला. त्याची आजी आमच्याच बोलीची, त्यामुळे प्रार्थनेतली उत्तरं त्याला येत होती, जरा लहान मुलासारखी, पण येत होती. त्यानं खुर्च्या लावल्या, कप विसळले. मेलेल्यासाठी वेगळी काढून ठेवायची ती ताटली त्यानं दोन्ही हातांनी तसबिरीपुढे ठेवली आणि पुटपुटला, "जेवा, मनोंग." मनांगनं ते ऐकलं.

सगळे गेल्यावर तो म्हणाला, "मॅम, रोज एवढ्या कमेंट्स येतात, तुम्ही दमता. मला पेजवर ॲडमिन करा. मी उत्तरं देतो, तुम्ही पातेलं सांभाळा."

जोवी तेव्हा फोनवरच होती. आईला ती 'मामा' म्हणते. "मामा, थांब. हा कोण?"

"अगं, तुझ्या पपाच्या प्रार्थनेला आलाय."

"ते ठीक आहे, पण कोण?"

"कप विसळले गं त्यानं, जोवी."

झालं. आमच्यात यापुढे बोलणं उरत नाही. जो तुमच्या मेलेल्यासाठी गुडघे टेकतो त्याला पाणी नाकारता येत नाही, दार नाकारता येत नाही. मग बोटानं एक बटण दाबायचं काय नाकारणार? माझी आई तिथंच होती, ती मोठी व्यवहारी बाई, पण तीसुद्धा म्हणाली, "दे गं, पोरगं चांगलं आहे." आणि तो चांगला होताही. तीच तर पंचाईत.

पेजवरचा मिकीच्या वाडग्याचा फोटो गेला, इंजिनियर आले. जेएम म्हणाला, "फक्त प्रचारापुरतं, मॅम." मग नाव बदललं: 'हातात हात, सान गेरार्दो'. "तेही प्रचारापुरतं." मनांग म्हणाली, ठीक आहे, लग्नघरी मांडव घालतात, मग काढतात.

इंजिनियर जिंकले. विजयाचा ट्रक वळणावरून गेला, गाणं ढणाढणा वाजत, 'हातात हात, पुढची वाट'. वरून जेएमनं दोन्ही हात हलवले, आणि मनांग झारा हवेत फिरवत नाचली. आम्ही सगळेच नाचलो.

सकाळी तिचा फोन तिला तिच्याच पेजवर शिरू देईना. ती म्हणाली, नेट अडकलं असेल. दुपारी जोवीचा फोन आला. मनांगनं नेहमीसारखा स्पीकरवर टाकला, हात पिठाचे होते.

"मामा, पपा सापडत नाहीये."

"म्हणजे काय?"

"पेजवर. खालपर्यंत गेले. कुणीच नाहीये, मामा. सगळी माणसं गेली."

मनांगनं हात पुसले. पुसतच राहिली.

ती ओळखपत्र गळ्यात घालून नगरपालिकेत गेली. दारावरच्या शिपायानं ते उलटंपालटं करून बघितलं. "हे प्रचाराचं आहे, मनांग. संपलं." तेवढ्यात नवे मेयर स्वतःच जिन्यावरून उतरले, आणि "मनांग! माझी मिकी!" म्हणत त्यांनी तिच्या खांद्यावर हात टाकला, उजव्याच, आणि कुणीतरी फोटो काढला. तिनं पेजचं विचारलं. ते मागे वळून कुणाशी तरी बोलले. कुणीतरी म्हणालं की टीमनं साफसफाई केली, सगळी मयतंच होती ना, मेयरांच्या पेजवर मयतं बरी दिसत नाहीत. "आपण तुम्हाला नवं पेज काढून देऊ," मेयर म्हणाले. "कोरं. छान."

जेएमचा फोन लागला तेव्हा त्याच्या मागे रहदारी ऐकू येत होती. आता मॅम नव्हतं.

"आंटी, मी दुसऱ्या प्रोजेक्टवर आहे. पेज हँडओव्हर झालं."

"बाळा, त्यात तेबान होता."

मग एकदम आमच्या बोलीत, त्या लहान मुलाच्या आवाजात तो म्हणाला, "मी उतरवून ठेवणार होतो. खरंच ठेवणार होतो, आंटी." त्याची नक्कल मी अजून केलेली नाही.

मनांगकडे दुसरं काही नव्हतं. तिचा फोन भरला की ती पुसायची. पेजवर आहे ना, म्हणायची. अपो साबेलही मधल्या काळात गेली होती. तिचं लाइव्हही त्यातच होतं.

आणि मग गाव. गावातल्या ओसांगची बहीण हाँगकाँगला. त्यांच्या आईला मातीत ठेवताना तिनं पाहिलं ते याच पेजवर. ओसांग टपरीसमोर येऊन उभी राहिली, बसली नाही.

"किती मिळाले गं?"

"काही नाही, ओसांग. देवाशपथ. एक टी-शर्ट."

ओसांगनं मान हलवली. "एक टी-शर्ट," ती म्हणाली. "माझ्या आईचा एक टी-शर्ट झाला."

मनांग वाडगा भरायला वळली. वळून बघते तर ओसांग गेली होती, आणि ती एका मयताहूनच येत होती. न टेकता सरळ घरी गेली. आमच्यात याहून मोठी शिवी नाही.

मग हळूहळू लोक चौकातल्या बेकरीपाशी टेकायला लागले. मनांगला मयताला कुणी नको म्हटलं नाही, पण ती फोन पिशवीतून काढी तेव्हा खोलीतलं बोलणं थांबे. ती फोन परत पिशवीत ठेवी.

जोवीनं तिला कधीच दोष दिला नाही. फक्त एकदा म्हणाली, "मामा, अपो साबेल चपलांनंतर काय म्हणायची? माझ्या डोक्यात बस आधी येते की जाळं, तेच कळेना झालंय."

"मला येतं सगळं," मनांग म्हणाली. "म्हणून दाखवेन."

पण दुंगआव वाटेल तेव्हा म्हणता येत नाही. घरात मेलेलं माणूस नसताना म्हटलं तर ते कुणाला तरी बोलावतं. म्हणून तिनं नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेची वाट पाहिली. त्या दिवशी सगळं गाव मेणबत्त्या आणि डबे घेऊन दफनभूमीत जातं आणि दिवसभर आपापल्या थडग्यांपाशी बसतं. तिथं मेलेले हजरच असतात, बोलवायचा प्रश्न नाही.

भर दुपार होती. फाटकाशी नवी कोरी ॲम्ब्युलन्स उभी होती, दारावर मेयरांचा हसरा चेहरा, आत मेणबत्त्यांचे खोके. मनांगनं तिच्याकडे पाहिलं आणि पुढे गेली. तेबानच्या थडग्यावर तिनं ताटली ठेवली, फोन माझ्या हातात दिला. पडद्यावर कुवेतच्या स्वयंपाकघरातल्या फरशा आणि जोवीचा अर्धा चेहरा. ती भांड्यांच्या कपाटाआड बसली होती.

मनांग गायला लागली. ती काही दुंगआववाली नव्हे, आवाज घोगरा, झाऱ्यानं पातेलं खरवडल्यासारखा. जाळ्यापर्यंत आली, चपलांपर्यंत आली. आणि थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. पुढचं येईना.

मला येत होतं. अपो साबेलचा तो थरथरता, नाकातला आवाज मी कितीदा काढला होता, वर्गात, शेवटच्या तासाला, हशा पिकवायला. तसाच काढला. "चुलीपाशी तुझी जागा अजून उबदार आहे रे, तिच्यावर मांजर बसलंय." कुणी हसलं नाही. फोनमध्ये जोवीनं तोंडावर हात धरला. मनांगनं ओळ उचलली आणि पुढे बसच्या काचेकडे निघाली.

तेवढ्यात मेयर आले. ते थडग्याथडग्याशी जाऊन मेणबत्ती लावत होते. सोबत कॅमेरावाला, नवा, जेएमच्याच वयाचा. "थांबू नका, मॅम! सुंदर चाललंय!"

मनांग थांबली. कॅमेऱ्याकडे बघत राहिली. तिचा स्वभाव माहीत असल्यामुळे मला वाटलं, आता ती विचारते. ॲम्ब्युलन्स तर फाटकातच होती.

तिनं विचारलं, "हे पेजवर राहील का?"

"राहील ना, मॅम."

"पुसणार नाही?"

"नाही हो. ऑफिशियल आहे."

मनांगनं फोनमधल्या जोवीकडे बघितलं. मग पदराच्या टोकानं तोंड पुसावं तसं ओढणीनं तोंड पुसलं, कॅमेऱ्याकडे नीट वळली आणि पहिल्यापासून म्हणायला लागली. जाळं, चपला, मांजर, बस. सगळं. मेयरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून डोळे मिटले. ती हलली नाही.

परतताना मेयर टपरीवर टेकले. तेही आमच्याच गावचे, दफनभूमीतून सरळ घरी कसे जातील. मनांगनं वाडगा समोर ठेवला. त्यांनी फुंकर घातली आणि वर पाहिलं, सवयीनं, उत्तर तयार ठेवून. मनांग पाठमोरी पातेलं ढवळत होती. सोयाच्या बाटलीला काही टेकवलेलं नव्हतं. मेयर वाडगा गार होईपर्यंत बसले, गार झाल्यावर खाल्लं, आणि गेले.

संध्याकाळी ते पेजवर आलं. चिमूटभर. मेणबत्ती, मेयरांचे मिटलेले डोळे, खांद्यावरचा हात, मनांगचा चेहरा. आवाज काढून टाकला होता. त्या जागी गाणं होतं, 'हातात हात, पुढची वाट'.

मनांगनं ते एकदाच पाहिलं. जोवीनं पाहू नये म्हणून तिनं फोनच बंद ठेवला, पण असं किती दिवस ठेवणार? लावल्याबरोबर वाजला.

"पाहिलंस का गं?" मनांगनं विचारलं.

"रोज पाहते, मामा."

"त्या गाण्यासकट?"

"आवाज बंद करते," जोवी म्हणाली. "शेवटी तुझे ओठ दिसतात ना, तेव्हा तू बसच्या काचेपाशी आलेली असतेस. मी तिथं थांबवते."